बाबांच्या बातमीदारीच्या डायऱ्या: ठेवू, देऊ की नष्ट करू?

मीरा_गिरगाव

नमस्कार. बरीच वर्षं इथं फक्त वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

माझे बाबा मुंबईतल्या एका मराठी दैनिकात बातमीदार होते. १९७४ ला लागले, २००३ ला निवृत्त झाले. गेल्या श्रावणात ते गेले. आमची चाळ आता पुनर्विकासाला चालली आहे आणि महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे. माळा उपसताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. वरच्या थरात कात्रणं, खाली २३ डायऱ्या. कंपन्या नववर्षाला वाटायच्या ना, त्या खिशात मावणाऱ्या.

त्यांत बातम्या नाहीत, माणसं आहेत. कुठं पूर्ण नाव, कुठं नुसतं आडनाव, कुठं एकच अक्षर. पुढे फोन नंबर, बहुतेक पी.पी., म्हणजे खालच्या वाण्याचा किंवा शेजाऱ्यांचा. मग 'गुरुवारी सहानंतर, करी रोडचा पूल' अशी नोंद. ८२ सालच्या डायरीत गिरणी संपाचे महिनेच्या महिने आहेत. एका गिरणीच्या टाइमकीपरच्या हाफिसातल्या कारकुनाचं नाव वारंवार येतं आणि त्यापुढे आकडे. मालक सांगत होते इतके कामावर परतले, हजेरीपट सांगत होता तितके. ती बातमी मी कात्रणांत शोधली. तिथं फक्त 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' असं छापलंय. ९३ च्या डायरीत एका पोलीस चौकीचा नंबर आहे आणि पुढे नुसतं 'द.'.

विद्यापीठात संशोधन करणारा एक मुलगा गिरणी संपावर काम करतोय. ओळखीतून त्याला कळलं. सगळ्या डायऱ्या स्कॅन करून संगणकीय संग्रहात ठेवायचं म्हणतो. मुलगा चांगला आहे, मनापासून काम करतो. मी जवळजवळ हो म्हणाले होते. पण रात्री आई म्हणाली, "मलासुद्धा त्यांनी एक नाव सांगितलं नाही कधी. घरी फोन आला की मी विचारायची, कोण? ते म्हणायचे, कामाचा माणूस." चाळीस वर्षं जे बायकोला सांगितलं नाही, ते मी संगणकावर चढवायचं का?

यातली काही माणसं आज सत्तरीत-ऐंशीत असतील, काही गेली असतील. त्यांना शब्द बाबांनी दिला होता, मी नाही. पण ट्रंक आता माझ्याकडे आहे. कायद्यानं काय, आणि माणुसकीनं काय, दोन्ही सांगा.

साचेवाला

मीराताई, नष्ट करायचा विचारही मनात आणू नका. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं त्यात होती, आणि आज त्या संपाचे कागद कोणाकडे आहेत? मालकांकडचे मालकांनी सांभाळले नाहीत. सरकारी दप्तरात काय आहे ते मिळवायला चपला झिजतात. कामगारांनी तर लिहूनच ठेवलं नाही. माझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते, त्यांचा एक कागद आमच्या घरात नाही. हजेरीपटाचे खरे आकडे एका कारकुनाने जीव मुठीत धरून बाहेर दिले, ही त्या माणसाची कमाई आहे. त्याचं नाव पुसलंत तर तो कायमचा 'विश्वसनीय सूत्र' राहील. चाळीस वर्षांनी त्याला त्याचं नाव परत मिळू नये का?

वकील_फोर्ट

साचेवाला यांचं म्हणणं भिडतं, पण आधी कायद्याची बाजू सांगतो. याबद्दल पत्रकारांतही गैरसमज फार आहेत.

आपल्याकडे पत्रकाराला आपला सूत्र न सांगण्याचा हक्क देणारं सर्वसाधारण कायद्यातलं कलम नाही. लोक प्रेस कौन्सिल कायदा १९७८ चं कलम १५(२) दाखवतात. त्यात खरंच म्हटलंय की बातमीचा स्रोत उघड करायला वृत्तपत्राला, संपादकाला किंवा पत्रकाराला भाग पाडता येणार नाही. पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. न्यायालयात किंवा पोलिसांपुढे त्याचा उपयोग नाही.

आता हे बघा. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं कायद्याने झाकलेलं आहे. नवरा-बायकोतलं झाकलेलं आहे. पोलिसाला गुन्ह्याची खबर कुठून लागली हे सांगायला त्याला भाग पाडता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १२५ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात १३१ आहे. म्हणजे हवालदाराचा खबरी सुरक्षित, बातमीदाराचा नाही. दोघांनाही खबर देणारा माणूस कित्येकदा एकच असतो! कोर्टात वीस वर्षं उभा राहतोय, पण ही गोष्ट मला आजही पटलेली नाही.

विधी आयोगाने १९८३ सालच्या ९३ व्या अहवालात नेमकं हेच दुरुस्त करायला सांगितलं होतं. पुरावा कायद्यात १३२-अ हे नवं कलम घाला, गुप्ततेच्या अटीवर मिळालेल्या माहितीचा स्रोत सांगण्याची सक्ती न्यायालयाने करू नये, अशी शिफारस होती. ती धूळ खात पडली. १ जुलै २०२४ पासून अख्खा कायदा नव्याने लागू झाला, तेव्हाही ते कलम आलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ च्या पेगॅसस (फोनवर पाळत ठेवणारी प्रणाली) प्रकरणातल्या आदेशात स्रोतांचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट आहे असं मानलं. मोठी गोष्ट आहे ती. पण कलमाच्या जागी ती पुरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या राउज अव्हेन्यू न्यायालयाने सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल फेटाळला आणि स्पष्ट लिहिलं की तपास यंत्रणेला स्रोत सांगण्यापासून पत्रकारांना भारतात कायद्याने सूट नाही.

मीराताई, तुमच्यापुरतं सांगायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ९४ खाली कागद हजर करायचा समन्स ज्याच्या ताब्यात कागद आहे त्या कोणालाही निघू शकतो. बातमीदाराच्या मुलीलाही. उलट बाजूही ऐका: एखाद्या खटल्यात पुरावा म्हणून लागणारा कागद तो हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २४१ खाली गुन्हा आहे. त्यामुळे ९३ च्या डायरीला हात लावण्याआधी त्यातल्या कशाचा कुठल्या चालू प्रकरणाशी संबंध आहे का, ते पाहून घ्या. नसेल, तर ते तुमचे घरगुती कागद आहेत.

नागरिक_कुर्ला

मला यात थोडं वेगळं म्हणायचंय. रोज टीव्हीवर 'सूत्रांच्या माहितीनुसार' ऐकून कान किटलेत. दहा बातम्यांतल्या आठ म्हणजे कोणीतरी सोडलेली पुडी असते. मंत्र्याचा माणूस फोन करतो, विरोधकाबद्दल काहीतरी सांगतो, वर म्हणतो नाव छापू नका. छापून येतं. खोटं ठरलं तर जबाबदार कोण? सूत्र! त्या सूत्राला न्यायालयातही विचारायचं नाही, असं कलम आणलंत तर पुड्या सोडणाऱ्यांचं फावेल. वकीलसाहेबांनी सांगितलेलं दिल्लीचं प्रकरणही बनावट कागदपत्रांचंच होतं ना?

वकील_फोर्ट

हो, बनावट कागदपत्रांचंच होतं. तुमचा मुद्दा रास्त आहे.

तळघरातला_ग्रंथपाल

>>खोटं ठरलं तर जबाबदार कोण?<<

आपल्या पत्रकारितेत हा प्रश्न अगदी आरंभीच येऊन गेलाय आणि त्याचं उत्तर मुंबईतच दिलं गेलं. 'केसरी' आणि 'मराठा' जेमतेम वर्षभराचे होते. कोल्हापूर संस्थानच्या तेव्हाच्या शिवाजी महाराजांचा छळ होतोय आणि त्याला कारभारी बर्वे जबाबदार आहेत, असं दोन्ही पत्रांनी लिहिलं. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा लावला. मुंबईच्या हायकोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकर या दोघांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात गेले. सूट मिळून १०१ दिवसांनी सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलंय.

मला यातून एवढंच दिसतं: छापणाऱ्याने स्वतःची मान पुढे केली. सूत्राचं नाव झाकायचा अधिकार ज्याला हवा, त्याने बातमीचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला हवं. नागरिक_कुर्ला यांना राग येतो तो नाव झाकण्याचा नाही, ओझं न उचलण्याचा. हे दोन राग वेगळे ठेवू या.

आणि पुडी सोडणारा मंत्र्याचा माणूस व हजेरीपट दाखवणारा कारकून यांना एकाच 'सूत्र' शब्दात बसवणं हीच मोठी गफलत आहे. पहिल्याला नाव झाकल्याने फायदा होतो. दुसऱ्याला नाव उघडं पडलं तर चूल बंद होते.

बीटवरचा

सध्या क्राइम आणि मंत्रालय दोन्ही बघतो. नाव-पेपर सांगत नाही.

वकीलसाहेबांनी कलमं सांगितली ती बरोबरच. पण आमच्याकडे आता परिस्थिती पुढे गेलीय. 'तुझा सूत्र कोण' असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. फोन मागतात. फोन दिला की नाव सांगायची गरजच उरत नाही. एकट्या माझ्या बातमीतला नाही, पंधरा वर्षांतला प्रत्येक माणूस त्यात असतो, बायकोच्या रिपोर्टसकट. ३ ऑक्टोबर २०२३ ला न्यूजक्लिक या बातम्यांच्या संकेतस्थळाशी संबंधित पत्रकारांच्या घरी दिल्ली पोलीस पहाटे गेले आणि फोन-लॅपटॉप उचलले, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर एकच चर्चा: कोणाच्या फोनमध्ये कोण कोण होतं. त्यानंतरच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला उपकरणं जप्त करण्याबाबत नियम करायला सांगितलं. डिसेंबरमध्ये सरकार म्हणालं, तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळतील. राज्याच्या पोलिसांचं काय, ते आम्ही रोज बघतोय.

फोन न घेताही काम होतं. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, काढला की झालं, कोण कोणाशी किती मिनिटं बोललं. कंपन्यांना ते रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावंच लागतं. पूर्वी मंत्रालयात कँटीनच्या रांगेत उभं राहून डेस्क ऑफिसरशी दोन वाक्यं बोलता यायची. २०२५ पासून चेहरा ओळखून दार उघडतं. मी कधी आत गेलो, कधी बाहेर आलो, सगळं नोंदलेलं. त्या दिवशी संध्याकाळी बातमी आली की अधिकारी स्वतःच घाबरतो, कोणी काही विचारायच्या आधीच. मीराताई, तुमच्या बाबांचा करी रोडचा पूल मला हेवा वाटावा असा आहे. तिथं कॅमेरा नव्हता!

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा पाहा. आधीच्या २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत पत्रकारितेच्या कामाला सूट होती. अंतिम कायद्यात ती गेली. आपल्या राज्याने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्याचं स्वागतच. पण तो मार खाल्ल्यावर कामाला येतो. माझा माणूस मार खात नाही. त्याची बदली होते.

क्राइम रिपोर्टर जे. डे यांना ११ जून २०११ ला पवईत भरदिवसा गोळ्या घातल्या. तेव्हा मी नवा होतो. त्यानंतर कितीतरी दिवस माझी स्वतःची दोन माणसं फोन उचलत नव्हती. त्यांना माझी भीती वाटत नव्हती, माझ्या खिशातल्या डायरीची वाटत होती. तेव्हापासून मी कागदावर नाव लिहीत नाही.

सही_शिक्का

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आज लिहितो. मी पत्रकार नाही, मी 'सूत्र' होतो.

१९९८ साल. मी एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक. एका इमारतीचा पाहणी अहवाल आमच्या टेबलावर होता. खांब गेलेत, माणसं हलवा, असं त्यात इंजिनियरने स्वच्छ लिहिलं होतं आणि तो अहवाल सात महिने फायलीत बांधून ठेवला होता. मी झेरॉक्स काढली आणि एका बातमीदाराला दिली. भेट झाली दादर स्टेशनवर, पाच मिनिटं. त्यांनी शब्द दिला, नाव मरेपर्यंत बाहेर जाणार नाही. त्यांनी तो पाळला, हे आधी लिहितो. साहेबांनी बोलावलं, संपादकांवर दबाव आला, ते बोलले नाहीत.

पण पेपरने बातमीबरोबर त्या पानाचा फोटो छापला. कोपऱ्यात आवक क्रमांक होता, त्याखाली पेन्सिलने माझी बारीक खूण. आमच्या हाफिसात ती खूण मीच करत असे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला बोलावणं. दोन वेतनवाढी रोखल्या आणि बदली अशा ठिकाणी की मुलाची दहावी मला घरी राहून बघता आली नाही. इमारतीतली माणसं मात्र हलवली. त्या वर्षी पावसाळ्यात तिचा मागचा भाग खाली आला, तेव्हा आत कोणी नव्हतं.

बातमीदार नंतर भेटायला आले, रडले. मी त्यांना दोष दिला नाही. पान डेस्कवर लागलं होतं, त्यांना कल्पना नव्हती. शब्द एका माणसाने दिलेला असतो, पण तो पाळायचा असतो सगळ्यांना. ज्याने फोटो लावला त्यालाही. हे कोणी कोणाला सांगत नाही.

साचेवाला, तुम्ही म्हणता त्याला नाव परत मिळावं. माझी बायको तुमच्यासारखंच म्हणते. सगळ्यांना कळू दे तुम्ही काय केलंत. मला नको आहे. आमच्या खात्यातले जे तेव्हा माझ्याशी बोलायचे बंद झाले, त्यातले काही आज माझे व्याही-शेजारी आहेत. त्या गोष्टीवर मी पाणी सोडलंय. ते नाव माझं आहे, ते कधी काढायचं हे मी ठरवणार. बातमीदार नाही, त्यांची मुलगी नाही, इतिहासही नाही.

बीटवरचा

काका, तुमचं वाचून डेस्कवरच्या दोघांना हा धागा पाठवला. २०१७ ला अमेरिकेत हेच झालं. रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या कंत्राटी कर्मचारी महिलेने गुप्त अहवालाची छापील प्रत बातमीदारांना पाठवली. खातरजमेसाठी तो कागद सरकारलाच दाखवला गेला. तो कोणी कोणी छापला होता हे तपासलं, सहा जण निघाले, आणि त्यातून ती. पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. नाव कोणीच सांगितलं नव्हतं. कागदच बोलला.

आम्ही आता मिळालेला कागद जसाच्या तसा छापत नाही, पुन्हा टाइप करतो. पण हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. एका जुन्या उपसंपादक बाईंनी ओरडून शिकवलं.

साचेवाला

सही_शिक्का काका, नमस्कार करतो तुम्हाला. मी लिहिलं ते त्या कारकुनाच्या वतीने लिहितोय असं मला वाटत होतं. त्याला विचारल्याशिवायच लिहीत होतो. मीराताई, त्यांना किंवा घरच्यांना शोधून विचारता आलं तर?

मीरा_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

साचेवाला दादांचं पटलं म्हणून शनिवारी लालबागला गेले. ८२ च्या डायरीत त्या कारकुनाच्या नावापुढे पी.पी. म्हणून एका वाण्याचं दुकान होतं. दुकान अजून आहे! आता त्यांचा नातू बसतो. मी त्याला विचारलं, इथं वरच्या मजल्यावर अमुक आडनावाचे कोणी राहायचे का? तो म्हणाला, "हो, होते ना. आजोबांच्या वेळचे. तुम्ही कोण? काय काम होतं त्यांच्याकडे?" आत गादीवर दोन म्हातारे बसले होते, त्यांनीही मान वर केली.

मला उत्तरच देता येईना. बातमीदाराची मुलगी म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, बातमीदाराचा आणि त्यांचा काय संबंध? त्या दोन म्हाताऱ्यांतला एखादा त्याच गिरणीतला असेल. विचारायला गेले, तर विचारण्यातच नाव फुटत होतं. मी म्हटलं, चुकून आले बहुतेक. अर्धा किलो साखर घेतली आणि परत आले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच ते फोन करायचे तेव्हा स्वतःचं नाव वेगळं सांगायचे. मला वाटायचं, काय हा पोरखेळ."

त्या मुलाला कात्रणांचे दोन गठ्ठे दिले, बाबांच्या हस्ताक्षरातल्या तारखांसकट, आणि डायऱ्यांतले नुसते आकडे मी वेगळ्या वहीत उतरवून दिले. कोणत्या दिवशी हजेरी किती, मालकांचा दावा किती. तो थोडा नाराज झाला, पण त्याने हा धागा वाचला आहे. काका, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला असं म्हणाला.

वकीलसाहेब, ९३ ची डायरी तुम्ही सांगितलंत तशी आधी एका ओळखीच्या वकिलांना दाखवली. एका अक्षरावरून आणि एका नंबरावरून कुठलंच चालू प्रकरण निघत नाही म्हणाले.

चाळीत जाळता येत नाही, सगळ्या गॅलरीभर धूर होतो. रविवारी सकाळी आईने बादलीत पाणी घेतलं. मी पानं फाडत होते, ती बुडवत होती. वाचायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळा जायचाच. मग आईने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "तू बुडव, फाडते मी." बाबा निळ्या शाईने लिहायचे. तिसऱ्या डायरीपर्यंत पाणी पार निळं झालं होतं.

गुरुवारी किल्ली द्यायची आहे. रिकामी ट्रंक कोणाला हवी असेल तर सांगा, बिजागरी एक सैल आहे, बाकी चांगली आहे.